ग्राउससाठी हलकी दुनळी निवडताना

अमेरिकेत उत्तर मिशिगनमधल्या ॲस्पेन झाडांच्या कोवळ्या, दाट रानात रफ्ड ग्राउस हा कोंबडीसारखा रानपक्षी पंधरा-वीस यार्डांवर फडफडत उठतो आणि बघता बघता झाडांआड जातो. दिवसभर पायपीट, बार मात्र मोजकेच. म्हणून बंदूक हलकी हवी. पण किती हलकी, इथेच नवखे फसतात.

मी २० बोअरच सुचवीन (बोअर म्हणजे नळीचं माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद). तिच्या नेहमीच्या काडतुसात ७/८ औंस, म्हणजे साधारण २५ ग्रॅम छर्रे असतात. जुना ठोकताळा सांगतो की बंदूक छर्‍यांच्या ९६ पट जड असावी, म्हणजे २.४ किलोच्या आसपास. ॲल्युमिनियम मिश्रधातूची बॉडी असलेल्या काही दुनळ्या याच्याही खाली उतरतात आणि दुकानात हातात घेतल्या की सोडवत नाहीत. पण फार हलकी बंदूक खांद्याला धक्का देतेच, शिवाय पक्ष्यामागे फिरता फिरता मध्येच थबकते. मला पावणेसहा ते सव्वासहा पौंड, म्हणजे साधारण २.६ ते २.८ किलो, योग्य वाटतं. २८ बोअर देखणी खरी, पण तिची काडतुसं महाग.

काट्यावरच्या आकड्यापेक्षा तोल बघा. नळ्या जिथे मुडपतात त्या बिजागरीखाली बोट धरून बंदूक तोलून पाहा. नळ्यांकडे किंचित झुकली तर चालेल. दस्त्याकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाकडे, झुकत असेल तर परत ठेवा.

दुकानात शिकारीचं जाड जॅकेट घालूनच जा. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा. मग डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नळ्यांमधली पट्टी थेट डोळ्यासमोर हवी, मान वाकवावी लागता कामा नये. इथले दस्ते बहुधा चापापासून १४ ते साडेचौदा इंच असतात. आपल्यासारख्या साडेपाच फुटी माणसाला ते जॅकेटवर काखेत अडकतात. दस्ता कापून घेता येतो, तेव्हा त्यापायी चांगली बंदूक सोडू नका.

चाप दोन असलेले मला आवडतात. पक्षी जवळ उठला तर पुढचा चाप आणि मोकळ्या चोकची (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ) नळी. लांब गेला तर मागचा. सिलिंडर (आवळ नसलेला) आणि इम्प्रूव्हड सिलिंडर (किंचित आवळलेला) ही चोकची जोडी या रानाला पुरते.

जुनी घेत असाल तर नळ्या सुट्या करून एका बोटावर लटकवा आणि नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद घुमला तर उत्तम. बद्द आवाज आला तर पट्टीचा डाख सुटलेला असू शकतो. मग नळ्या जोडून, पुढची लाकडी मूठ काढून, बंद बंदूक हलवा. खुळखुळली तर सांधा झिजलाय. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या दमास्कस नळ्यांत आजची काडतुसं घालूच नका.

घरात १२ बोअर असेल, तर दोन्हींची काडतुसं कधीही एका खिशात ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, त्यामागे १२ चं सहज बसतं आणि बार टाकताच नळी फुटते. अमेरिकेत २० ची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.