रुंदी ३२, मग शेवटचा पिक्सेल ३१ कसा? : पिक्सेलच्या निर्देशकांनी केलेली फसगत

संगणकावरचे चित्र पिक्सेल नावाच्या बारीक चौकटींचे बनते. त्यांची जागा मोजण्याचा आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, एक्स उजवीकडे वाढतो आणि वाय खाली वाढतो, एवढे बहुतेक नवोदितांना ठाऊक असते. शाळेतल्या आलेखात वाय वर जात असल्यामुळे सुरुवातीला गोंधळ उडतो खरा. पण जुन्या पडद्यांवर चित्र ओळीओळीने वरून खाली उमटत असे, हे कळले की ती दिशाही स्वाभाविक वाटू लागते. माझे घोडे तेथे अडले नाही, मोजण्यात अडले.

एका पट्टीसारख्या लांब चित्रात आठ चिन्हे शेजारी शेजारी होती, ती मला सुटी कापायची होती. प्रत्येक चिन्ह ३२ पिक्सेल रुंद आणि पूर्ण पट्टी २५६ पिक्सेलची. पहिल्या चिन्हाच्या डाव्या टोकाच्या पिक्सेलवर कर्सर नेल्यावर ० दिसले, उजव्या टोकाच्या पिक्सेलवर ३१. मी सरळ वजाबाकी केली, रुंदी ३१ धरली आणि पुढचे चिन्ह ३१ पासून कापले. पहिल्या चिन्हाचा गेलेला उभा स्तंभ रिकाम्या समासातला असल्याने काहीच जाणवले नाही. आठवे चिन्ह मात्र २२४ ऐवजी २१७ पासून कापले गेले आणि त्यात शेजाऱ्याचे सात स्तंभ घुसले. दोन रात्री मी सॉफ्टवेअरला दोष देत होतो.

येथे जरा थांबा, कारण हीच जागा घात करते. एका ओळीत चार चौकटी काढल्या तर त्यांच्या उभ्या रेषा पाच होतात. चौकटींचे क्रमांक ० ते ३, रेषांचे ० ते ४. शून्य क्रमांकाची चौकट ० आणि १ या रेषांच्या मध्ये बसते. कर्सर बहुधा चौकटीचा क्रमांक सांगतो, सिलेक्शनची, म्हणजे निवडलेल्या भागाची, कड मात्र रेषेवर असते. रुंदी म्हणजे दोन रेषांमधील अंतर, म्हणून ३२ वजा ०. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीत क्रॉपसाठी, म्हणजे तुकडा कापण्यासाठी, डावी कड ० आणि उजवी कड ३२ द्यावी लागते, तरी ३२ क्रमांकाचा पिक्सेल त्या तुकड्यात येत नाही. १९२० पिक्सेल रुंद चित्राचा शेवटचा पिक्सेल १९१९ असतो, तोही याच हिशेबाने.

मला तेव्हा एका अनुभवी माणसाने ‘एक वाढवून बघ’ असे सांगितले होते. असा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तो आकडा एका ठिकाणी जुळतो, दुसऱ्या ठिकाणी बिघडतो, आणि का बिघडला हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यापेक्षा चार चौकटींची पट्टी कागदावर काढून क्रमांक हाताने लिहा. त्यात कमीपणा काही नाही. मी आजही लिहितो.

चौकट आणि रेषा यांतला भेद मनात पक्का झाला की अर्ध्या पिक्सेलचे कोडेही सुटते. रेषांच्या हिशेबाने शून्य क्रमांकाच्या पिक्सेलचा मध्य ० वर नसून ०.५ वर असतो. वेबच्या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानातल्या चित्र काढण्याच्या जागेवर, एक पिक्सेल जाडीची उभी रेघ पूर्णांकावर काढली की ती दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी सांडते आणि फिकट, दोन पिक्सेल रुंद दिसते, ती ०.५ वर सरकवली की ठसठशीत उमटते. चित्र चौपट लहान करतानाही नव्या शून्य क्रमांकाच्या पिक्सेलखाली जुने ० ते ३ हे पिक्सेल येतात, त्यांचा मध्य चौकटींच्या हिशेबाने १.५ या क्रमांकावर पडतो. नवा क्रमांक नुसता चारने गुणला तर ० मिळतो आणि सगळे चित्र किंचित सरकते. म्हणून आधी ०.५ मिळवून, चारने गुणून, मग ०.५ वजा करायचे. हे पहिल्या वाचनात कळले नाही तरी घाबरू नका, मलाही कळले नव्हते.

बाकीचे खड्डे उथळ आहेत. पायथॉनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीमध्ये आधी ओळ आणि मग स्तंभ, म्हणजे वाय आधी लिहावा लागतो. फोटोशॉपमध्ये कडेच्या मोजपट्टीचा आरंभबिंदू चुकून ओढला जाऊ शकतो. दोन मोजपट्ट्या जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर डबल क्लिक केल्यास तो मूळ जागी परततो. गिंप या चित्रसंपादकामध्ये लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, कॅनव्हासपेक्षा (पूर्ण चित्राच्या चौकटीपेक्षा) लहान असू शकतो आणि त्याचा कोपरा कॅनव्हासच्या कोपऱ्यावर असेलच असे नाही, तेव्हा आकडा कोणत्या कोपऱ्यापासून मोजला आहे हे आधी पाहून घ्यावे.