कातीव काम शिकणाऱ्यांसाठी: आधी लाकूड सुकवायला शिका

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे, भातुकली आणि रंगवलेले पाट पाहत मी लहानाचा मोठा झालो, आणि पुढे एका जुन्या कारागिरांच्या हाताखाली लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातण्याच्या यंत्रावर, काम शिकू लागलो. पहिले दोन महिने हत्यारांना धार लावण्यात गेले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी फणसाचा ओला ओंडका पुढे ठेवला.

ओले लाकूड कापायला मऊ लागते. गोल पटाशीच्या धारेखालून पिवळ्या, ओलसर फिती खांद्यापर्यंत उडत राहतात आणि आपला हात बसला असे वाटू लागते. मी त्याच दिवशी वाडगा पातळ करून त्याला तेल लावले. चौथ्या दिवशी सकाळी काठापासून बुडापर्यंत नख जाईल एवढी भेग पडलेली होती, आणि ती सुरू झाली होती बुडात राहिलेल्या गाभ्यापासून, म्हणजे ओंडक्याच्या अगदी मधल्या भागापासून.

लाकूड सुकताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडून सालीच्या दिशेने आकसते. म्हणून गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो आणि गाभा आत राहिला असेल तर फाटतो. यावर उपाय असा, की ओंडका गाभ्यातून उभा चिरून गाभ्याची पट्टी काढून टाकावी, आणि वाडगा पहिल्यांदा जाडच ठेवावा: व्यास 25 सेंटिमीटर असेल तर भिंत सुमारे 2.5 सेंटिमीटर. मग जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जाऊन त्यांची टोके उघडी पडतात, तिथे मेण लावून, त्याच लाकडाच्या भुशासह तो कागदी पिशवीत ठेवावा. दर आठवड्याला वजन करून ते पेन्सिलीने बुडावर लिहावे, आणि वजन उतरायचे थांबले की पुन्हा लेथवर चढवून अंतिम आकार द्यावा. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर काट्यावरचा आकडा जवळपास हलतच नाही, हे हिशेबात धरलेच पाहिजे. चौरंगाच्या फळ्यांना तर उघड्या हवेत सुकायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष लागते.

या काळात पोट चालायला हवे, म्हणून सुक्या लाकडाची लाटणी आणि भोवरे करावेत. फिरत्या भोवऱ्यावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, आणि केवड्याच्या पानाने घासल्यावर तिला जी झळाळी येते ती पाहून मला आजही समाधान वाटते.

पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास आयटीआयमधील सुतारकाम किंवा बेंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेतील अल्पमुदतीचे वर्ग पाहावेत. मात्र कुठेही शिकलात तरी पहिल्या दिवसापासून चांगला मास्क लावा, कारण लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत 1995 पासून कर्करोगकारक म्हणून आहे.

आणि गणपतीला वाडगा हवा म्हणून कोणी वैशाखात विचारले, तर माळ्यावर सुकलेला माल असल्याशिवाय होकार देऊ नका.