दोन इंजिनांचं विमान आणि अख्खा महासागर: आपली फ्लाइट किती सेफ ते स्वतः कसं तपासायचं

लांबचं तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिसतो आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो, की बाबा दोनच इंजिनं आहेत, खाली दहा तास पाणीच पाणी, एक बंद पडलं तर? पूर्वीसारखं चार इंजिनवालं असतं तर बरं झालं असतं ना? तर आधी इंजिनं मोजायचं बंद करा. प्रश्न असा विचारा: काही बिघडलं तर जवळची धावपट्टी किती लांब आहे, आणि तिथे पोचेपर्यंत विमानातलं बाकी सगळं टिकेल का. ह्याची उत्तरं बऱ्यापैकी घरबसल्या काढता येतात.

विमान कुठलं आहे ते बुकिंगच्या पानावर फ्लाइट नंबरखाली लिहिलेलं असतं. ७७७, ७८७, ७६७, ए३३०, ए३५०, ए३२१ ही सगळी दोन इंजिनवाली, आणि ७४७, ए३४०, ए३८० ही चारवाली. ए३४० चं उत्पादन २०११ मधेच थांबलं, शेवटचं ए३८० २०२१ मधे दिलं गेलं आणि शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मधे, त्यामुळे "मी चारवालंच घेणार" म्हणणाऱ्यांना चॉइस दरवर्षी कमीच होत जाणार.

आता एक इंजिन खरंच बंद पडलं तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण निम्मी भीती इथेच जाते. दोन इंजिनांचं विमान पास व्हायला अट अशी आहे की पूर्ण वजन घेऊन धावपट्टीवर वेगात असताना, थांबणं शक्य नाही अशा क्षणी एक इंजिन गेलं, तरी उरलेल्या एकावर ते हवेत चढलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक इंजिनाला मुळातच भरपूर जोर दिलेला असतो. समुद्रावर ३५-४० हजार फुटांवर एक बंद झालं तर विमान तेवढी उंची धरू शकत नाही, हळूहळू काही हजार फूट खाली येतं, थोड्या कमी वेगाने उडत राहतं आणि जवळच्या योग्य विमानतळाकडे वळतं. २००३ मधे युनायटेडचं एक ७७७ ऑकलंडहून लॉस एंजेलिसला जाताना पॅसिफिकवर असंच एका इंजिनावर आलं, तीन तासांच्या आसपास तसंच उडत हवाईत कोनाला जाऊन उतरलं.

हिशोबही करून बघा, अवघड नाहीये. धावपट्टीपासून १८० मिनिटांपेक्षा लांब उडायची परवानगी हवी असेल तर अपेक्षा अशी असते की उडताना इंजिन बंद पडण्याचं प्रमाण १ लाख इंजिन-तासांत एक, किंवा त्याहून कमी असावं. दहा तासांची फ्लाइट, दोन इंजिनं, म्हणजे वीस इंजिन-तास, म्हणजे एखादं बंद पडायची शक्यता ५ हजारात एक. त्यानंतर धावपट्टी तीन तास लांब आहे असं धरलं तर त्या तीन तासांत दुसरंही स्वतःच्या वेगळ्या कारणाने बंद पडायची शक्यता १ लाखात तीन. दोन्हीचा गुणाकार केला की साधारण साडेसोळा कोटींत एक येतं. चार इंजिनं असली तर चारातलं एखादं बंद पडायची शक्यता उलट दुप्पट होते, कारण बिघडायला वस्तू जास्त, हे कोणी बोलत नाही.

पण ह्या गणितात एक मोठी मेख आहे, आणि माझ्या मते सगळी खरी गंमत तिथेच आहे. "वेगळ्या कारणाने" हा शब्द परत वाचा. सगळी इंजिनं एकाच कारणाने गेली तर गुणाकार बाद, मग दोन असोत की चार. १९८२ मधे ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारच्या चार इंजिनं बंद पडली, खाली येता येता परत सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. १९८९ मधे अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या ७४७ चंही तेच झालं. १९८३ चं ईस्टर्न ह्या अमेरिकन कंपनीचं प्रकरण तर वाचून डोक्याला हात लावाल: मायामीहून बहामासमधल्या नसाऊला निघालेलं तीन इंजिनांचं ट्रायस्टार, मेंटेनन्समधे तिन्ही इंजिनांच्या एका छोट्या भागावर रबरी रिंगा बसवायच्या राहिल्या, तिन्हीतलं तेल गळालं, तिन्ही बंद पडली, शेवटी एक कसंबसं परत सुरू करून मायामीला उतरले. २००१ मधे एअर ट्रान्सॅटच्या ए३३० ची इंधनगळती झाली, टाकी रिकामी, दोन्ही इंजिनं बंद, आणि अटलांटिकवर १९ मिनिटं नुसतं तरंगत येऊन अझोर्स बेटांवरच्या लाजेसला उतरलं, सगळे ३०६ जण वाचले. ह्यात इंजिनाचा आकडा कुठे कामाला आला सांगा बरं. म्हणूनच आता दोन इंजिनवाल्यांना नियम आहे की शक्यतो एकाच मेकॅनिकने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. साधा नियम आहे पण मला विचाराल तर तिसऱ्या-चौथ्या इंजिनापेक्षा जास्त मोलाचा.

आता तो ईटॉप्स नावाचा प्रकार, म्हणजे विमानाने धावपट्टीपासून किती मिनिटं लांब जायचं त्याचे नियम. अमेरिकेत १९५३ पासून नियम होता की दोन इंजिनवाल्याने धावपट्टीपासून ६० मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही, कारण तेव्हाची पिस्टन इंजिनं वरचेवर दगा द्यायची. जेट इंजिनं भरवशाची निघाली, १९८५ मधे टीडब्ल्यूए ह्या अमेरिकन कंपनीचं ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेलं, त्याच वर्षी मर्यादा १२० मिनिटांवर गेली, १९८८ मधे १८०, आणि २०१४ मधे ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मंजुरी मिळाली. ही मिनिटं एका इंजिनाच्या वेगाने मोजतात. आणि विमानाला मंजुरी मिळाली म्हणजे प्रत्येक कंपनीला मिळाली असं नसतं, कंपनीला आपला मेंटेनन्स, ट्रेनिंग सगळं दाखवून ती वेगळी घ्यावी लागते.

तुमच्या रूटवर हे लावून बघायचं तर नकाशावर वर्तुळ काढता येईल अशी कुठलीही साइट उघडा. एका इंजिनावर ताशी अंदाजे ७४० किमी धरा, म्हणजे १२० मिनिटांचं वर्तुळ १,५०० किमीच्या आसपास आणि १८० चं २,२०० च्या आसपास. कॅनडातलं गँडर आणि गूस बे, आइसलँडचं केफ्लाविक, आयर्लंडचं शॅनन आणि अझोर्सचं लाजेस ह्या विमानतळांभोवती काढा, उत्तर अटलांटिक जवळजवळ झाकला जातो. मग सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू बघा: साधारण ३,८५० किमी आणि मधे एकही धावपट्टी नाही, मधल्या बिंदूवरून कुठेही वळलात तरी १,९०० च्या आसपास, म्हणजे अडीच तास. लोकांना भीती अटलांटिकची वाटते, पण खरा एकाकी पट्टा हा आहे, आणि तिथे दोन इंजिनांचं छोटं ७३७ सुद्धा रोज ये-जा करतं. रेषा सरळ न ओढता पृथ्वीच्या गोलावरून ओढा हां, सीटसमोरच्या स्क्रीनवर ती उत्तरेला वाकडी दिसते ते मुख्यतः तोच जवळचा रस्ता असतो म्हणून.

इंजिन सोडून बाकीचं काय टिकायला हवं? सगळ्यात वाईट गोष्ट आग. सामानाच्या कप्प्यात आग लागली तर ती दाबून ठेवणारा वायू किती वेळ पुरतो ह्यावर विमान किती लांब जाऊ शकतं ते ठरतं, वर १५ मिनिटं जास्तीची धरतात. १९८७ मधे साउथ आफ्रिकन एअरवेजचं ७४७ मॉरिशसजवळ हिंदी महासागरात कोसळलं ते सामानातल्या आगीमुळे, इंजिनं चार होती. दुसरी गोष्ट केबिनमधली हवा जाणं. मग लगेच १० हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथे जेट इंजिन इंधन नुसतं पितं, त्यामुळे मधल्या बिंदूवर असं झालं तरी पुरेल एवढं इंधन निघतानाच घ्यावं लागतं. हे चारवाल्यांनाही चुकत नाही, आणि २००७ पासून अमेरिकेने १८० मिनिटांपलीकडे जाणाऱ्या तीन-चार इंजिनवाल्या प्रवासी विमानांनाही ईटॉप्समधे ओढलं.

चारवाल्याचा फायदा काहीच नाही असं मी म्हणत नाहीये. एक गेलं तर पाऊणपट जोर शिल्लक राहतो, वीज आणि हायड्रॉलिकचे (तेलाच्या दाबावर विमानाचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेचे) स्रोत जास्त, आणि लगेच उतरायचं बंधन नसतं. २००५ मधे ब्रिटिश एअरवेजचं ७४७ लॉस एंजेलिसहून निघताना एक इंजिन गेलं तरी तीनावर इंग्लंडपर्यंत गेलं, पण इंधनाची काळजी वाटून लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं, आणि त्यावर बरीच बोंबाबोंबही झाली. दोनवाल्याला हा मोह होतच नाही, एक गेलं की वळायचं आणि जवळ उतरायचं, विषय संपला. मला तरी हेच बरं वाटतं.

वळायची वेळ आलीच तर जो विमानतळ मिळतो तो मोठ्या शहराचाच असेल असं नाही, २०१७ मधे एअर फ्रान्सचं ए३८० ग्रीनलँडवर इंजिन फुटल्यावर गूस बेला उतरलं होतं. तेव्हा रोजची औषधं दोन-तीन दिवस पुरतील एवढी, चार्जर, पासपोर्ट आणि एखादं गरम कपड्याचं काहीतरी केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इन केलेलं सामान अशा वेळी लगेच हातात मिळेल ह्या भरवशावर राहू नका.