डन्जन्स अँड ड्रॅगन्स: नवं पात्र, आधी क्लास

फासे टाकत पात्रं रंगवायच्या या खेळात पात्राचं नाव-गाव नंतर. आधी क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, ठरवा, कारण क्षमतांचे आकडे त्यावरच बसवायचे असतात. सहा क्षमतांसाठी तयार संच 15, 14, 13, 12, 10, 8 असा. विझार्ड (जादूगार) असेल तर 15 इंटेलिजन्सला (बुद्धी), 14 कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा), 8 खुशाल स्ट्रेंग्थला (ताकद). नवखे कॉन्स्टिट्यूशनवरच काटकसर करतात: तिथे 8 ठेवलं की पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) विझार्डचे 6, उणे त्या 8 मुळे बसणारा 1, जेमतेम 5. एका बाणात गडी आडवा!

2024 च्या नियमांत वाढीव गुण बॅकग्राउंडमधून (पात्राचा पूर्वेतिहास) येतात. सेज (विद्वान) हे बॅकग्राउंड घेतलं तर 15 मध्ये 1 आणि 14 मध्ये 2 घाला. दोन्ही 16, दोन्हींना +3 मॉडिफायर (क्षमतेवरून ठरणारा, फाशात मिळवायचा आकडा). उलट केलंत तर 17 आणि 15: मॉडिफायर सम आकड्यालाच वाढतो, त्यामुळे कॉन्स्टिट्यूशन +2 वरच अडकतं.