मेन्यूवर मार्लिन ठेवायचा का? खान्देशातल्या हॉटेलवाल्यांसाठी आणि गळवाल्यांसाठी

समजा जळगाव, धुळे, भुसावळ कुठेतरी तुमचं फॅमिली हॉटेल आहे, शेवभाजी आणि भरीत चालतंच, पण आता गिऱ्हाईक सी-फूड मागायला लागलंय, आणि मुंबईचा सप्लायर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो की भाऊ सुरमईपेक्षा स्वस्त, बिनकाट्याचं मार्लिन देतो, घेऊन बघा. घ्यायचं का? दुसरीकडे आपलीच काही पोरं अंदमानला गेम फिशिंगला, म्हणजे शौकाने गळ टाकून मोठे मासे धरायला, जाऊन सेलफिशसोबत फोटो काढतात आणि परत येऊन हॉटेलवाल्यांना शिकवतात की हा मासा खायचा नसतो, सोडायचा असतो. दोघांनाही उपयोगी पडेल असं सांगतो, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, मार्लिन आणि सेलफिश मेन्यूकार्डवर छापू नका, पण त्यामुळे गळवाले आपोआप साधू ठरत नाहीत.

आधी मासा ओळखा. मार्लिन, सेलफिश, स्पिअरफिश आणि तलवार मासा, हे सगळे लांब चोचीचे, वरचा जबडा पुढे भाल्यासारखा वाढलेला. पण आपल्याकडे येईपर्यंत चोच काय डोकंच नसतं, थर्माकोलच्या पेटीत बर्फात नुसते तुकडे येतात, म्हणून पहिल्यांदा घेताना कातडीसकट तुकडा मागवा. सुरमईचा काप ताटलीत मावेल एवढा, कातडी पातळ चंदेरी. मार्लिनचा गर जाड, सलग, आणि कातडी जाडजूड खरबरीत, तिच्यात टोकदार हाडासारखे खवले रुतलेले असतात. मोठ्या तलवार माशाला खवलेच नसतात. आणि सप्लायर म्हणाला "सुरमई म्हणून लावा, कोणाला कळतंय" तर तिथेच नमस्कार करा, ही सरळ फसवणूक आहे, पुढची नीतिमत्तेची चर्चा करायचीही गरज नाही.

आता सप्लायरला विचारायचे प्रश्न. कुठल्या समुद्रातला, कशाने धरला, हे विचाराच, पण खरा प्रश्न एकच: दर आठवड्याला मिळेल का? तो म्हणाला "भाऊ पाहिजे तेवढा, रेग्युलर" तर नको म्हणा. उलटं वाटेल, कारण हॉटेलचा धंदाच रेग्युलर मालावर चालतो, पण गोष्ट अशी आहे की आपल्या बाजूच्या समुद्रात हे मासे बरेचदा ट्युना-सुरमईसाठी लावलेल्या जाळ्यात आपसूक अडकतात, गिलनेटमध्ये, म्हणजे मासा कल्ल्यांनी अडकतो अशा पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यात, अडकलेला मासा वर येईपर्यंत बहुतेक मेलेलाच असतो, तो कोळ्याने विकला, कोणी खाल्ला, तर त्यात मला काही पाप दिसत नाही. फेकून दिला असता तरी जिवंत झाला नसता. पण जाळ्यात चुकून सापडलेल्या माशाला पक्कं गिऱ्हाईक आणि पक्का भाव मिळाला की तो पुढच्या वेळी चुकून सापडत नाही, त्याच्यासाठीच गळ लावले जातात. हे गिऱ्हाईक म्हणजे मेन्यूकार्डवर नाव छापणारे तुम्ही-आम्ही.

हिंद महासागरात या माशांचा हिशोब ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इंडियन ओशन टूना कमिशन, भारत तिचा सदस्य आहे. तिने २०१८ मध्ये नियम केला, पट्टेरी मार्लिनची वर्षाची मर्यादा ३,२६० टन, सेलफिशची २५,००० टन, आणि ६० सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवायचाच नाही. पट्टेरी मार्लिनचा साठा तर घटलेलाच आहे, संस्थेचे शास्त्रज्ञ तेच सांगतात. म्हणजे सप्लायरने नुसतं "मार्लिन" म्हटलं आणि काळा, निळा की पट्टेरी हे सांगता येईना, तर त्याचा अर्थ एकच, तो माल घेऊ नका.

बरं आता गळवाले. अमेरिकेत २०१२ मध्ये कायदा झाला, मार्लिन, सेलफिश, स्पिअरफिशची आयात आणि विक्री बंद, तलवार मासा वगळला, हवाईला सूट दिली, मग २०१८ मध्ये हवाईचा मासा मुख्य भूमीवर विकायलाही बंदी आली. त्यामागे जोर लावणाऱ्यांत शौकाने गळ टाकणाऱ्यांच्या संघटना पुढे होत्या. कायदा चांगलाच आहे, पण बघा ना भो, ज्यांची मजा त्या माशावर चालते तेच म्हणतात की तुम्ही खाऊ नका. आणि ज्या रेकॉर्डची ते बढाई मारतात ते बघा, १९५३ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर धरलेला काळा मार्लिन ७०७ किलोचा होता. मार्लिनमध्ये एवढी मोठी वाढते ती मादीच, नर त्या मानाने लहान राहतात, म्हणजे वजनकाट्यावर टांगलेला प्रत्येक राक्षस म्हणजे सगळ्यात जास्त अंडी देणारी मादी. हॉटेलात महिन्याला चार मासे कापणारा आणि फोटोसाठी एक टांगणारा, यात मला फार फरक दिसत नाही, पहिल्याच्या माशाने निदान पोटं तरी भरली.

तरी अंदमानला जायचंच असेल तर नीट जा. नैसर्गिक आमिषाला सर्कल हूकच लावा, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, तो बहुतेक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, साधा इंग्रजी जे अक्षरासारखा जे-हूक बरेचदा पोटात, घशात, कल्ल्यात रुततो. अटलांटिकमध्ये पांढऱ्या मार्लिनना माग काढणारे टॅग लावून बघितलं तेव्हा जे-हूकने धरलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा सोडल्यानंतर मेला, सर्कल हूकवाले जवळपास सगळे वाचले. म्हणजे "सोडला" म्हटलं की विषय संपत नाही, तो पोहत गेला आणि खाली जाऊन मेला हे तुमच्या रीलमध्ये दिसत नाही. दोरी जाड घ्या, झुंज लांबवू नका, मासा पाण्याबाहेर काढून मांडीवर घेऊ नका, फोटो पाण्यातच काढा, दमलेला असेल तर बोट हळू चालू ठेवून तोंडातून पाणी जाऊ द्या. हूक खोल गेला असेल तर उपटत बसू नका, दोरी जवळून कापा.

परत हॉटेलकडे. समजा मासा एकदा आलाच, बायकॅचचा, म्हणजे दुसऱ्या माशाच्या जाळ्यात आपसूक अडकलेला, चोख माहितीसकट. तर फळ्यावर खडूने लिहा "आजचा मासा", खरं नाव लिहा, आणि संपला की पुसून टाका. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मार्लिन आणि तलवार माशात पारा जास्त साठतो, अमेरिकेचं अन्न खातं गरोदर बायकांना आणि लहान मुलांना हे मासे टाळायलाच सांगतं, म्हणून अशा गिऱ्हाइकाला वेटरने तोंडाने सांगायचं, कोपऱ्यात बारीक अक्षरात नाही. दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी: वाटेत बर्फ कमी पडला की या माशात हिस्टामिन तयार होतं, मग ते शिजवून जात नाही, फ्रीज करूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, लोक म्हणतात अ‍ॅलर्जी झाली. असा मासा जिभेला मिरीसारखा चुरचुरतो, आणि आपण त्यावर काळ्या मसाल्याचा रस्सा ओतला की ती चुरचुर कोणाला कळणारच नाही. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंतचं अंतर, त्यात मे महिन्यातलं जळगावचं ऊन, पेटी उघडल्यावर बर्फ वितळून नुसतं पाणी दिसलं तर तो माल परत पाठवा, भाव कितीही पाडून दिला तरी.

मग मेन्यूवर काय? नवापूरकडे उकई धरणाच्या बॅकवॉटरचा आणि हतनूर धरणाचा मासा बघा, कटला, रोहू, मरळ, वाम, जे त्या दिवशी निघेल ते, काळ्या मसाल्यात समुद्राच्या माशापेक्षा हेच जास्त खुलतात असं माझं म्हणणं. महाशीर कोणी आणून दिला तर घेऊ नका, नद्यांवर धरणं झाल्यापासून त्याचे हाल आहेत. थाई मांगूर तर मुळीच नको, त्यावर बंदी आहे. आणि सी-फूड ठेवायचंच असेल तर बोंबील, बांगडा, कोळंबी ठेवा, १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा मेन्यूचं ते पान सरळ काढून ठेवा, त्या दोन महिन्यांत "ताजी सुरमई" कुठून आली असं विचारणारं गिऱ्हाईक आता धुळ्यातही भेटतं.