नाट्यगृहात गावचं नमन: प्रयोगाआधीची तयारी

नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, मुंबईच्या नाट्यगृहात लावायचं तर तारीख गणपती आणि शिमगा सोडून धरा. त्या दिवसांत प्रेक्षक आणि निम्मे खेळे, म्हणजे नमनातले कलाकार, दोघंही गावी असतात. तारीख हाती आली की संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे लावा. गण-गौळण पिढीजात असली तरी वग, म्हणजे त्यानंतरचं कथानाट्य, नवा लिहिलेला असतो, आणि प्रमाणपत्राशिवाय प्रयोग लावता येत नाही.

अंगणात रात्रभर चालणारं नमन इथे तीन-साडेतीन तासांत बसवायचं असतं. कात्री वगाला लावा, सुरुवातीला देवांची नावं घेऊन होणाऱ्या नमनाला नको. ग्रामदेवतांची नावं आणि मानाचा क्रम गावच्या गुरवाला फोन करून लिहून घ्या. मुंबईत वाढलेल्या पोरांना तो पाठ नसतो, आणि एखाद्या वाडीचं दैवत राहिलं तर मध्यंतरात माणसं विंगेत जाब विचारायला येतात. त्यांचं चुकत नाही. तिकीट त्यांनी त्या नावासाठीच काढलेलं असतं.

वग गिरणी संपाचा असेल तर सन तपासा. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ साली. तेव्हा संपात गावी परतणारा गडी एसटीनेच जाऊ दे, हातात पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. रेल्वेची शिट्टी वाजवलीत की पहिल्या रांगेतला जुना गिरणी कामगार हसणारच.

मृदंग घरी स्वरात लावून आणला तरी भरवसा नाही. बाहेरच्या दमट हवेतून एसीच्या कोरड्या हवेत आला की कातडं ताणतं आणि सूर चढतो. मंचावर अर्धा-पाऊण तास ठेवून, एसी चालू असतानाच पुन्हा लावा. जोडीतले दोन्ही मृदंग एकत्र वाजवून बघा. झांजकरी गायकाच्या माइकपासून किमान सहा फूट मागे, नाहीतर शब्द ऐकूच येत नाहीत. नाचाच्या फळीवर स्टँडचा माइक ठेवू नका, पावलांची धडधड त्यातून घुमते. वरून टांगा.

सगळ्यात फसतो तो संकासुर, नमनातलं मुखवट्याचं सोंग. काळे कपडे, काळा टोकदार मुखवटा, आणि मागे नाट्यगृहाचा काळा पडदा: प्रेक्षकांना दिसते फक्त पांढरी दाढी हलताना. मागे लावायला पांढरा किंवा निळा पडदा नाट्यगृहाकडे मागा. तो नसेल तर पाठीमागून एक दिवा द्या. मुखवट्याच्या भोकांतून पायाखालचं दिसत नाही, म्हणून मंचाच्या कडेला दीड फूट आत पांढरी पट्टी चिकटवा. रंगीत तालीम मुखवट्यासकटच करा, कमरेच्या घंटाही बांधून. वजनाने चाल बदलते.

खेळ्यांचे झगे घोट्याच्या वर चार बोटं असू द्या, विंगेतल्या पायऱ्यांवर पाय अडकतो. आरतीच्या ज्योतीला व्यवस्थापकाची परवानगी आधीच घ्या. नारळ मात्र मागच्या दारी दगडावर फोडा. मंचावर फोडला की पाणी थेट केबलींवर जातं.