जुनी टुरिंग बाईक घेताय? कमी किलोमीटरला भुलू नका

जुनी टुरिंग बाईक बघायला गेलेला माणूस आधी मीटरमध्ये डोकावतो. आकडा छोटा दिसला की निम्मा निर्णय तिथंच होतो. माझाही झाला होता. पंधरा वर्षांत जेमतेम अकरा हजार किलोमीटर पळालेली गाडी, रंगावर ओरखडा नाही. मी दुसरी गाडी बघितलीच नाही. पुढचे चार महिने ती रस्त्यावर कमी आणि स्टँडवर जास्त होती.

लांब पल्ल्याची गाडी पळण्यासाठीच बनवलेली असते. वेळेवर ऑइल बदलत साठ हजार पळालेली गाडी वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा अनेकदा धडधाकट निघते. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, टाकी आतून गंजते, कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) पेट्रोल सुकून चिकट थर धरतं आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. म्हणून मीटरच्या आधी टायर वाचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी खोल आहे म्हणून जुना टायर ठेवून देऊ नका. वय झालेलं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. टाकीत टॉर्च मारून बघायलाही विसरू नका.

दुसरी चूक म्हणजे गरम इंजिन ऐकून खूश होणं. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर इंजिनला हात लावून खात्री करा. खरं दुखणं गार इंजिनच सांगतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, आत शिरतंय. थंडीत सुरुवातीला निघणारी वाफ मात्र वेगळी, तिला घाबरू नका. आणि टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, हलके वाजत असतील तर लगेच नाक मुरडू नका. गॅप कमी झालेले टॅपेट उलट गप्प असतात. व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो.

टुरिंग गाडीत मी आणखी एक जागा हटकून बघतो: साइड बॉक्स जिथं बसतात तिथली मागची फ्रेम. वर्षानुवर्षं सामान वाहून तिथल्या वेल्डिंगला तडे जातात. मग गाडी डबल स्टँडवर घ्यायची, पुढचं चाक उचलायचं आणि हँडल सावकाश फिरवायचं. बरोबर मध्यावर ते खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला.

गाडी घरी आली की बॉक्स, काच, जादा दिवे यांचा मोह होतो. आधी ब्रेक. डॉट ४ ब्रेक ऑइलच्या सिस्टिममध्ये डॉट ५ कधीही घालू नका. ते सिलिकॉनचं असतं, दोन्ही मिसळत नाहीत. ब्रेक सोडल्यावरही चाक जाम राहत असेल तर बहुतेक जण कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेक पॅड दाबणारा भाग) उघडून बसतात. कधी कधी त्याचा पिस्टन साफ केला तरी दोष जात नाही, कारण मास्टर सिलिंडरमधलं (ब्रेकच्या दांडीजवळच्या पंपातलं) ऑइल परत जाण्याचं सुईएवढं भोक जुन्या ऑइलच्या गाळानं बुजलेलं असतं. ब्रेकचा जुना पाइप आतून फुगला तरी हेच होतं.

इंजिन ऑइल घेताना डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा, लिहिलेलं बघा. गाडीचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असेल, तर कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरू लागतो आणि दोष क्लच प्लेटवर जातो.

माझ्या गाडीनं मला सर्वांत जास्त छळलं ते मिसिंगनं, म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवण्यानं. तास-दीड तास चालली की पिकअप तुटायचा. मी प्लग, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा जेट एकाच दिवशी बदलले. मिसिंग तर राहिलंच, वर आयडलिंगही बिघडलं, आणि ते कशामुळे हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून एका वेळी एकच बदल, आणि तोही वहीत लिहून. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाल्यावर एकानं मल्टिमीटर लावायला सांगितलं. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आरपीएम चार-पाच हजारांवर नेले की आकडा १३.५ ते १४.५ च्या आसपास हवा. माझा बारावरच अडकला होता. स्टेटरहून (वीज बनवणाऱ्या भागाहून) रेग्युलेटरकडे (व्होल्टेज आवरणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या वायरींचा कपलर, म्हणजे जोड, जळून काळा पडला होता. हेडलाइट चालू ठेवून गेलं की बॅटरी उतरायची आणि इग्निशन कमजोर पडायचं. आकडा पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बघा, नाहीतर बॅटरी उकळून जाईल.

पहिली मोठी सहल लगेच आखू नका. पूर्ण सामान लादून शंभर-दीडशे किलोमीटरची एक फेरी मारा. परत आल्यावर हे बघा: बॉक्सचे बोल्ट सैल झालेत का, फोर्कच्या नळीवर ऑइलचा ओघळ आहे का, चेन किती ढिली पडली आणि चाकांचे मधले भाग हात लावण्याइतपत गार आहेत का.